मला हिरवीच दिसली

आमच्या घरात शिव्यांना बंदी होती. बाबा कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर आणि आई घर सांभाळून लायब्ररीत अर्धा दिवस जाणारी. दोघंही तोंडाने सोवळी. शेजारचा पोरगा दूधवाल्याशी बोलताना जे शब्द सहज वापरायचा, ते आमच्या टीव्हीवर आले तरी बाबा उठून आवाज बारीक करायचे. पण एक शिवी होती आणि ती फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेली होती. मी साखरेच्या बरणीत मीठ भरावं, बाबांचं गजराचं घड्याळ तासभर पुढे करावं, पाहुण्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधाव्यात, की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन हातातलं उलथनं माझ्यावर रोखायची आणि म्हणायची, "मामावर गेलाय!" एवढंच. इतर मराठी घरांत हे वाक्य मुलाची हनुवटी धरून, कौतुकाने म्हणतात. आमच्याकडे ते उच्चारलं की आई स्वतःच गप्प होऊन आत वळायची, आणि मग बराच वेळ भांडी जरा जास्त जोरात वाजायची.

मामा मी पाहिलेला नव्हता. त्याचं नाव विनायक, आईपेक्षा लहान, एकुलता एक भाऊ, आणि आई त्याच्याशी बोलत नसे. किती वर्षं, तर माझी बहीण मेधाताई जन्मायच्या आधीपासून. ही गोष्ट मला मेधाताईने सांगितली. तिला बाबांनी सांगितली होती, भूल उतरत असलेल्या माणसासारखी, तुटक तुटक. आईचं पहिलं डोहाळजेवण सांगलीला, सासरी. तिचे वडील नव्हते; मिरजेची आजी, म्हणजे तिची आई, अंथरुणाला खिळलेली. म्हणून माहेरची साडी आणायचं काम एकोणीस वर्षांच्या विनूमामावर आलं. डोहाळजेवणाची साडी हिरवी. यात पोपटी, शेवाळी, मेंदी अशी थोडी सूट मिळते. तपकिरीला मिळत नाही. तबकात, साऱ्या आळीच्या बायकांसमोर, मामाने आणलेलं पुडकं उघडलं, तर आत सारवलेल्या भुईच्या रंगाची तपकिरी साडी. माझी सांगलीची आजी म्हणाली, "माहेरचा हिरवा रंग संपला वाटतं." बायका हसल्या. मामा म्हणाला, "मला हिरवीच दिसली."

आता हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कदाचित खपलं असतं. पण विनूमामा म्हणजे बाबा आईला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन होईपर्यंत त्यांचे बूट शेजाऱ्यांच्या माळ्यावर टाकून आलेला माणूस. बाबा त्याच्याच आखूड चपला घालून, टाचा बाहेर काढून, स्टेशनपर्यंत गेले होते. तेव्हा आई खूप हसली होती म्हणे. या वेळी हसली नाही. "माझ्या सासरी माझं हसं करायला आलास? पुन्हा मला तोंड दाखवू नकोस," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली, आणि मामाने ते शब्दशः पाळलं. पुढे आईबाबा इकडे आले. मिरजेची आजी गेल्याची तार आली तीसुद्धा बाबांच्या नावाने.

भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळायची. ज्या बायकांना भाऊ नाही त्या चंद्राला भाऊ मानून ओवाळतात, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, ही सगळ्यांचीच रीत आहे. त्यातून कॉव्हेंट्रीचं नोव्हेंबरचं आकाश. आई मागच्या दारात कार्डिगनवर शाल घेऊन, निरांजन हाताने झाकत उभी, आणि वर ढगांची गोधडी. एका वर्षी मी म्हणालो, "आई, तिथे रस्त्याचा दिवा आहे, तोच चंद्र धर ना." बाबा पटकन म्हणाले, "अजू, आत जा." आईने खरोखरच त्या नारिंगी दिव्याकडे तोंड करून ओवाळलं. मी त्या वयात स्वतःला फार विनोदी समजत असे. हा आजार पुढे कमी झाला, पूर्ण गेला नाही.

आमचं ते घर आवाजांचं होतं. सकाळी दुधाच्या बाटल्यांची किणकिण, मग कुकरच्या शिट्ट्या, मग बाबांची गाडी सुरू होताना काढायची ती खोकल्याची उबळ. संध्याकाळी टीव्हीवर स्नूकर, आणि त्या चेंडूंची टकटक आईच्या खलबत्त्याच्या ठोक्यांत अशी मिसळून जायची की नेमकी वेलची कुठे कुटली जातेय आणि चेंडू कुठे पडतोय ते कळायचं नाही. खाणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. अंबाडीची आठवण आली की आई रुबार्बच्या आंबट देठांची भाजी करायची, लसणाची फोडणी घालून. ती खाऊन आमच्याकडे आलेला एक इंग्रज शेजारी इतका वेळ गप्प बसला की बाबांनी त्याची नाडी बघितली. टोमॅटो बाजारातून मी आणत असे. सगळी मुलं रंग बघून निवडतात. मी एकेक दाबून बघायचो. भाजीवाला ओरडायचा. मला वाटायचं, टोमॅटो असेच निवडतात.

हे लिहिताना मला आता नवल वाटतं की माझ्याबद्दल कुणाला कधी शंका कशी आली नाही. प्राथमिक शाळेत मी एक झाड रंगवलं, हिरव्या खोडाचं आणि तपकिरी पानांचं. बाईंना वाटलं, पोराने काय सुंदर शरद ऋतू टिपलाय. चित्र भिंतीवर लागलं आणि मी वर्षभर चित्रकार म्हणून वावरलो. पुढे मोठ्या शाळेत नर्सबाई ठिपक्यांची चित्रं दाखवून आकडे विचारायला आल्या. माझ्या पुढचा पोरगा घसा फोडून उत्तरं देत होता. मला कुठल्याही ठिपक्यांत काहीही दिसलं नाही, पण मला वाटलं की ही पाठांतराची परीक्षा आहे. मी त्याचे सगळे आकडे त्याच क्रमाने म्हणून दाखवले. "व्हेरी गुड," नर्स म्हणाली. स्नूकर क्लबात मी तपकिरी चेंडू लाल समजून इतक्या वेळा मारला की मित्र मला टेबलाभोवती खडू देण्यापुरतंच ठेवत. मी स्वतःला भोंगळ समजत होतो. घरातले मला व्रात्य समजत होते. दोन्ही खरंच होतं, म्हणून तिसरं काही असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

ए-लेव्हलला, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीला, मी बायॉलॉजी घेतलं. मिसेस प्रिचर्ड या वेल्समधल्या, रुंद हाडाच्या, वर्गातसुद्धा विणकाम करणाऱ्या बाई आम्हाला शिकवत. डीएनए म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला स्वेटरच्या नमुन्यावरून सांगितलं. सगळा स्वेटर दोनच टाक्यांचा, सुलट आणि उलट. कुठला टाका कुठल्यानंतर, एवढ्यावरून गळा होतो की बाही, ते ठरतं. डीएनएला टाके चार, म्हणजे चार अक्षरं, आणि ती कोणत्या क्रमाने आली यावर सगळं. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हा पूर्ण नमुना घडी घालून ठेवलेला असतो. एका कामापुरत्या ओळी म्हणजे एक जीन. हे सगळं शेहेचाळीस रिळांवर गुंडाळलेलं, म्हणजे क्रोमोसोम. तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून. "आणि नमुना उतरवून घेताना," विणता विणता बाई म्हणायच्या, "कधीतरी एखादा टाका सुटतो. बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही." असं म्हणून त्या आपलाच सुटलेला टाका उचलत.

मग त्यांनी आम्हाला रंगांधळेपणा शिकवला. ठिपक्यांची चित्रं सगळ्या वर्गाला मिळावीत म्हणून त्यांनी शाळेच्या यंत्रावर त्यांच्या प्रती काढल्या. काळ्या-पांढऱ्या. अख्ख्या वर्गाला काहीच दिसेना. सगळे हसले, बाईसुद्धा, आणि माझी उघडं पडण्याची दुसरी संधी अशी गेली. घरी करायला त्यांनी एक वंशावळ दिली: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ज्याला दोष त्याचा चौकोन भरून टाकायचा, आणि तो दोष कसा उतरला ते लिहायचं. मला पैकीच्या पैकी गुण. "आईच्या एक्स क्रोमोसोमवरून मुलाकडे, मामाला असेल तर भाच्याला असण्याचा संभव," असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली रेघही मारली. लिहिताना मी टेबलावरचा एक कच्चा टोमॅटो पिकलेला समजून खात होतो.

तर अशा सगळ्या पार्श्वभूमीवर मेधाताईला दिवस गेले. तिचं लग्न ग्लासगोच्या एका मराठी डॉक्टरशी झालं होतं. सातव्या महिन्यात ती आमच्याकडे आली आणि आईने डोहाळजेवणाचा असा घाट घातला की वाटावं, या घरात राज्याभिषेक आहे. तिच्या मनात काय होतं ते बाबांना आणि मला दिसत होतं. तिला एक जुना दिवस पुसून त्यावर नवा लिहायचा होता. साडी तिने स्वतः फोल्सहिल रोडवरच्या गुजराती मावशींच्या दुकानात जाऊन निवडली. तीन वेळा बाहेर उजेडात नेऊन बघितली. फॉल लावून घ्यायचा होता म्हणून तिथे ठेवली. आणायला कुणी जायचं, तर समारंभाच्या सकाळी आईचे हात साखरभातात, मेधाताईला पायऱ्या नकोत, बाबा हॉस्पिटलात. मी गेलो.

मावशी फोनवर होत्या. काउंटरवर प्लास्टिकमध्ये घडी घातलेल्या दोन साड्या, दोन्हींना सारखेच जरीचे काठ. त्यांनी कानाचा फोन न काढता हात हलवला, "लीली वाळी लई जा, बेटा." लीली म्हणजे हिरवी, एवढं गुजराती मला येत होतं. मी दोन्हींकडे नीट बघितलं. अगदी जाणकारासारखं बघितलं. आणि त्यातली जी मला जास्त हिरवी वाटली ती उचलून, बसच्या वरच्या मजल्यावर, मांडीवर घेऊन घरी आणली.

दुपारी घर भरलं. बर्मिंगहॅम, लेस्टर, कुठून कुठून बायका आल्या. बाबा येऊन मागच्या बागेतल्या शेडमध्ये पेपर घेऊन बसले. तो पुरुषांचा विभाग, त्यात ते एकटेच. मला खुर्च्या लावायला ठेवून घेतलं होतं. मेधाताई पाटावर, केसांत डॅफोडिलची वेणी. मोगरा कुठला आणणार? टेबलावर दोन वाट्या पालथ्या झाकलेल्या, एकीखाली बर्फी, एकीखाली पेढा. होणाऱ्या आईने न बघता एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. शिवाय दोन्हींची भरलेली ताटं बाजूला होती. बर्फी आईने दुधाच्या पावडरीची केली होती, काहींवर पिस्त्याचे काप, आणि पिस्ता संपल्यावर उरलेल्या तशाच.

आईने तबक घेतलं, त्यात नारळ, हळदकुंकू, आणि वर ते प्लास्टिक. तिने ते उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"अगं बाई," लेस्टरच्या जोशीकाकू म्हणाल्या. त्या मनात आलेलं आणि तोंडातून गेलेलं यांत अंतर ठेवत नसत. "ब्राऊन? ही काय इकडची नवी फॅशन?"

आईने माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. "आज?" ती म्हणाली. अगदी हळू. "तुला ही गोष्ट माहीत आहे, हे मला माहीत होतं. पण आज करायचा होता हा जोक?"

"कसला जोक?" माझं मराठी तेव्हा फार लंगडं होतं, ते पुढे माझ्या पुण्याच्या बायकोने प्लास्टर घालून सरळ केलं. "तू ठेवलेला साडी आणला मी. ऑनेस्ट्ली, आई."

"अजू. ही साडी हिरवी आहे?"

"हो. मला हिरवीच दिसली."

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते ओळखीचं वाटलं, इतकंच. आईला ते ओळखीचं वाटलं नाही. तिने ते पुन्हा ऐकलं. ती सोफ्याच्या हातावर टेकली. तबक कलंडलं, नारळ घरंगळत रेडिएटरखाली गेला आणि कुणी तो उचलायला वाकलं नाही.

"शब्दसुद्धा तेच," आई म्हणाली.

पहिली हलली ती मेधाताई. ती पाटावरून तशीच ओणवी होऊन बांगड्यांच्या खोक्याशी गेली, दोन हातांत दोन बांगड्या धरल्या आणि म्हणाली, "हिरवी कुठली?" मी एक दाखवली. ती चुकीची निघाली. तिने खोक्यातून आणखी दोन काढल्या. मी पुन्हा दाखवली. मग बायकांना चेव आला. कुणी उशी पुढे करी, कुणी पर्स. जोशीकाकूंनी स्वतःचा कार्डिगन ताणून धरला. "हा रे?"

"ग्रे."

"ग्रे? गुलाबी आहे मेल्या! माझ्या सुनेने दिलाय!" आणि लगेच, जरा विचारात पडून, "ग्रे दिसतो का खरंच?"

तिथे, त्या गुलाबी किंवा राखाडी कार्डिगनसमोर उभा असताना, माझ्या डोक्यात मिसेस प्रिचर्डची वंशावळ उघडली. पैकीच्या पैकी गुण मिळवलेली. त्यात एक भरलेला चौकोन मामाचा होता आणि एक माझा, आणि मधलं वर्तुळ सोफ्याच्या हातावर बसलेलं होतं. "आई," मी म्हणालो, "मामा खोटी बोलत नव्हता. त्याला पण दिसत नाही. हे इनहेरिटेड असतं. तो, मी, सेम. थांब, दाखवतो." आणि कागद शोधायच्या भानगडीत न पडता मी टेबलावरची बर्फी-पेढ्यांची ताटं ओढली.

"अरे, ते मेधासाठी आहे!" जोशीकाकू ओरडल्या.

"वाट्या नाही घेत, काकू, ताट घेतो. हे बघा. प्रत्येक बाईकडे दोन बर्फ्या. एक्स, एक्स. पुरुषाकडे एक बर्फी, एक पेढा. एक्स, वाय. आई मुलाला देते एक बर्फी. बाबा देतो पेढा, मग मुलगा. बाबाने बर्फी दिली, तर मुलगी."

"म्हणजे बाप ठरवतो?" मागून एक बाई म्हणाली. "आणि माझ्या सासूने मला तीन मुली झाल्या तेव्हा काय काय ऐकवलं!"

"पेढा एवढा छोटा का रे?"

"वाय छोटाच असतो. त्यावर फार काही लिहिलेलं नसतं."

"ते आम्हाला लग्न झाल्यापासून माहीत आहे," जोशीकाकू म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खोली हसली. आई हसली नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"आता रंग ओळखायची जी कृती आहे ना, हिरवा वेगळा, लाल वेगळा, ती बर्फीवर असते. पेढ्यावर नाही. समजा, हा पिस्ता म्हणजे ती कृती." मी चार बर्फ्या मांडल्या. "आजीकडे, मिरजेच्या आजीकडे, एक पिस्तावाली आणि एक बिनपिस्त्याची. तिला प्रॉब्लेम नाही. एका पिस्त्यावर चालतं. पण मामाला तिने दिली बिनपिस्त्याची. त्याच्याकडे दुसरी बर्फीच नाही, पेढा आहे, आणि पेढा काही मदत करत नाही. म्हणून तो साडी बघतो, आणि त्याला खरंच कळत नाही. आणि आई, तीच बिनपिस्त्याची आजीने तुला पण दिली. पण तुझ्या बाबांनी तुला पिस्तावाली दिली, म्हणून तुला हिरवं दिसतं. मग तू मला..."

इथे मी थांबलो. सतराव्या वर्षीसुद्धा, वर्गातला हुशार विद्यार्थी असूनसुद्धा, पुढचं वाक्य कुणाला उद्देशून आहे हे मला वाक्याच्या मधोमध पोचल्यावर कळलं.

"मी तुला बिनपिस्त्याची दिली," आई म्हणाली.

"कोणती जाते ते आपल्या हातात नसतं गं. हाफ-हाफ चान्स."

"तुला हिरवं दिसत नाही? झाडंसुद्धा?"

"दिसतं. मला झाडं छान दिसतात. फक्त तुझ्यासारखी नसतील. मला काय माहीत तुला कशी दिसतात?"

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांना केशराचा आणि साखरेच्या पाकाचा चिकट वास होता. तिने माझ्या डोळ्यांत असं निरखून बघितलं, जणू तिथे काही अडकलंय आणि पदराच्या टोकाने काढता येईल. मी आज साठीला आलो आहे. माझी स्वतःची मुलगी बाळ असताना, माझी बर्फी तिच्यात नक्की गेली आहे हे ठाऊक असल्यामुळे, मीही तिच्या डोळ्यांत असाच बघत बसायचो, आणि तिथे अर्थातच काही दिसत नसे. आता पोस्टाने थुंकी पाठवली की लोक तुमचे सगळे टाके वाचून देतात म्हणे. मी पाठवलेली नाही. मला वाचून घ्यायचं होतं ते त्या दुपारी वाचून झालं.

बाबा शेडमधून आत आले होते आणि दारात पेपर धरून उभे होते. "घरात डॉक्टर असून..." आई म्हणाली. वाक्य तिने पूर्ण केलं नाही. "मी माणसं झोपवतो," बाबा म्हणाले. "जागी असलेली माझ्या लक्षात येत नाहीत." मग ते पुढे आले, रेडिएटरखालून नारळ काढला, रुमालाने पुसला आणि परत तबकात ठेवला.

"दुकान उघडं असेल अजून," कुणीतरी म्हणालं. "बदलून आणू या."

"नको," मेधाताई म्हणाली. "मी हीच नेसणार. माझ्या भावाने हिरवी म्हणून आणलीय." आणि ती खरोखर नेसून बाहेर आली. फोटो आहे. सगळे म्हणतात, त्यात ती तपकिरी साडीत आहे; मी एकटा म्हणतो, हिरव्या. वाटी तिने उघडली, पेढा निघाला, आणि पुढे मुलगीच झाली. जोशीकाकू मात्र मी मांडलेल्या चारांतल्या दोन बर्फ्या, म्हणजे माझी अख्खी मिरजेची आजी, बोलता बोलता खाऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आई हॉलमध्ये टेलिफोनजवळच्या स्टुलावर बसलेली होती. मी जिन्यावर. ती नुसतीच बसली होती, रिसीव्हर मांडीवर, आणि आतून पीं असा आवाज येत होता. बाबा चहा घेऊन आले. "नंबर कुठला असेल त्याचा, कुणास ठाऊक," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत घर बदललं असेल."

बाबांनी नंबर सांगितला. खिशातून काही न काढता, छताकडे बघत, एका दमात. "घरमालकांचा आहे. ते वर जाऊन बोलावतात." आईने त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी चहात साखर ढवळायला घेतली. ते बिनसाखरेचा पीत असत.

ऑपरेटरबाईंनी लाइन जोडली. पलीकडे कुणीतरी "विनूऽऽ, लंडन!" असं ओरडलं; सांगली-मिरजेकडे सगळं इंग्लंड म्हणजे लंडनच. मग जिन्यावरून उतरणारी पावलं. मला ती ऐकू आली, कारण भारतातला तो टेलिफोन घरातलं सगळंच पाठवत असे.

"हॅलो! कोण? दाजी?" मामा टेलिफोनवर विश्वास न ठेवता थेट समुद्रापलीकडे ओरडत होता. त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकताना मी दचकलो. तो माझाच होता, फक्त मराठी बरं असलेला.

"विन्या," आई म्हणाली.

पलीकडून अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात, "अक्का? काय झालं? दाजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. इथे उभे आहेत. सगळे बरे आहेत. विन्या, तू खोटं बोलला नव्हतास."

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. "हिरवीच मागितली होती गं मी," तो म्हणाला, जणू मधली वर्षं कुणी जिन्यात अडवून धरली होती. "तीनदा सांगितलं त्याला, हिरवी दे. त्या दुकानदाराने पुडकं बदललं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन भांडलो त्याच्याशी. कॉलर धरली मी त्याची, अक्का. आजही त्या दुकानावरून जात नाही, वळसा घालतो."

"दुकानदाराने काही केलं नाही रे. तुला हिरवं कळत नाही. जन्मापासून. माझ्या अजूलाही नाही. आईकडून आलंय."

"आपल्या आईकडून?"

"हो. तुला दिलं तिने, आणि मलाही दिलं. एकच गोष्ट. तुझं बाहेर दिसतं आणि माझं आत लपून बसतं, एवढाच फरक." हे ती मिसेस प्रिचर्डपेक्षा चांगलं सांगत होती. "मला वाटायचं, आईचं माझ्याकडे काहीच नाही. पाटल्या तुझ्या बायकोला गेल्या, देव्हारा तुझ्याकडे. आणि हे बघ, इतकी वर्षं माझ्याजवळ होतं."

मामाचं ओरडणं पुन्हा सुरू झालं, पण आता त्यात काहीतरी फुटत होतं. "म्हणजे मी त्या बिचाऱ्याची उगीच कॉलर धरली?"

आई हसली. मी आईचं हसू लहानपणापासून ऐकत होतो, मला ते पाठ होतं. हे त्यातलं नव्हतं. हे एखाद्या मुलीचं हसू होतं, शेजारच्या माळ्यावर कुणाचे तरी बूट गेले आहेत हे माहीत असलेल्या मुलीचं. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना, आणि तो तिथेच राहिला. बाबा तिच्या खांद्यामागे उभे राहिले. पलीकडून नाक ओढल्याचा मोठा आवाज आला, आणि त्यामागे घरमालकांचाही.

"जेवलास?" आईने विचारलं.

"आत्ताच. रविवार ना."

"काय होतं?"

आणि मामा सांगू लागला. चटणी कसली होती, ती कुणी वाटली, कोशिंबीर काकडीची पण काकडी कडू निघाली, त्यावरून मामीशी कसं वाजलं, भरल्या वांग्यांना शेंगदाणे कुठून आणले. आई मान हलवत होती, मध्ये मध्ये "मग?" म्हणत होती, पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर घेऊन. ट्रंककॉल होता; बाबांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि शेवटी हळूच तिच्या खांद्याला बोट लावलं.

आईने रिसीव्हरवर हात ठेवला. "थांबा हो," ती रागावून म्हणाली, "तो अजून आमटीवरच आहे. भात यायचाय."